कार्डावरची यशा

यशोधरा शेजवळ हे नाव मॉडेलला शोभत नाही, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हरेशभाईचा स्टुडिओ होता. एरवी तो लग्नाचे नाहीतर पासपोर्टचे फोटो काढायचा. त्यानंच तिचं मॉडेलचं कार्ड केलं. पुढे चेहरा आणि मागे चार पोझ, त्यातल्या दोन मैत्रिणीच्या उसन्या कपड्यांत. खाली उंची आणि अंगाची मापं. मापं आईनं घेतली होती, ब्लाउजच्या टेपनं, दार लावून.

"सरनेम क्या डालूँ, बेटा?"

"सरनेम नको. यशा, मुंबई. बस."

झालं! शेजवळही गेलं आणि राहतं अंबरनाथही गेलं.

तिचे वडील बबनराव आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर. कार्ड बघून त्यांना आभाळ ठेंगणं झालं. डब्याच्या पिशवीत घालून त्यांनी ते अख्ख्या शिफ्टला दाखवून आणलं. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "आडनाव छापायचं राहिलं का गं?"

"जागा नव्हती, पप्पा."

जागा चांगली बोटभर होती. ती बबनरावांना दिसत नव्हती थोडीच! पण त्यांनी कार्ड पुन्हा पिशवीत ठेवलं.

मोबाइल अजून घरात आला नव्हता, म्हणून कार्डावर घरचाच नंबर होता. यशोधरा दादर-अंधेरीच्या ऑफिसांत कार्डं वाटत हिंडली. बहुतेक कार्डं टेबलांवरच्या ढिगात पडली. अखेर मॉडेलना कामं मिळवून देणाऱ्या एका कोऑर्डिनेटरचा फोन आला, तो नेमका बबनरावांनी उचलला आणि ते जन्मभराच्या सवयीनं खणखणीत "जयभीम!" म्हणाले.

ती भेटायला गेली तेव्हा कोऑर्डिनेटरनं विचारलं, "वो फोन पे कौन था?"

त्याच्या विचारण्यात खोच होती की नव्हती, कोण जाणे. तिच्या तोंडातून मात्र निघून गेलं, "घर का नौकर है, सर."

परतताना तिला स्वतःचीच शिसारी आली. घरी येऊन ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, यापुढे फोन मीच उचलत जाईन." ते "बरं" म्हणाले.

पण पुढचा फोन आला तेव्हा ती घरात नव्हती. ती आल्यावर बबनरावांनी निरोप दिला, शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला देतात तसा नीट.

"उद्या सकाळी दादरला बोलावलंय. साडीच्या दुकानाची जाहिरात आहे. केस मोकळे ठेव आणि चार कार्डं घेऊन ये म्हणाले." मग जरा थांबून म्हणाले, "त्यांनी विचारलं, तू वही नौकर है क्या. मी हो म्हटलं."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"पप्पा, मी..."

"अगं, नाही म्हटलं असतं तर तू खोटी पडली असतीस. पहिलंच काम आहे तुझं."

त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. ते उठून हात धुवायला गेले. रात्रभर ती लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि सकाळी केस मोकळे सोडून, चार कार्डं घेऊन, दादरला गेली.