दारामागचा फलक
वाळत्या मिरचीचा तिखट वास नाकात गेला की मला नंदुरबारचा तो दवाखाना आठवतो. शेजारीच मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि बाकावरचे सगळे शिंकत होते. मोठ्या जाऊबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते, पोटात कळा येत होत्या, आणि काउंटरवरचा माणूस म्हणत होता, “आधी ॲडमिट करा, खर्च नंतर सांगतो.” एकदा दाखल केलं की सांगतील तो आकडा भरावा लागणार, म्हणून मी दरपत्रक मागितलं. “लावलंय ना,” तो म्हणाला. लावलं होतं, पण दिवसभर उघड्या असणाऱ्या दाराच्या मागच्या भिंतीवर. मी दार लोटून घेतलं, तेव्हा फलक दिसला. जाऊबाई पोट धरूनच त्याला अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, मिरचीना भाव बजारमा ओरडीसन सांगतस, मन्हा पोटना भाव का लपाडी ऱ्हायना?” लोक हसले, उठून फलकापाशी आले. तो दार उघडायला धावला, तेव्हा मी दाराला पाठ लावून उभी राहिले. “सगळ्यांचं वाचून होऊ द्या,” म्हटलं. ऑपरेशन तिथेच झालं, फलकावरच्या दराने. अजूनही कुठल्याही दवाखान्यात गेले की मी बसण्याआधी दारामागे बघते.