कोपऱ्यातला दगड

हद्दीचा दगड रातोरात उपटून नेल्याचा फोन आला. पडेगावच्या पलीकडं मेंढपाळांचं गायरान आहे. त्यावर तारेचं कुंपण रेटत आणणाऱ्यांविरुद्ध आमच्या संघटनेची तक्रार होती. गट नंबर कोरलेला तो दगड हाच पुरावा. आता त्याचे फोटो उरले, तेही फक्त माझ्याकडं. तहसीलदारापुढं सुनावणी तीन दिवसांवर.

मोठा कॅमेरा दिसला की कुंपणवाले अंगावर येतात, म्हणून मी मुठीत मावणारी जुनी वाइड अँगल लेन्स लावून गेलो होतो. फोटो मोठे करून बघितले. मधोमध मावशी, जन्मभर त्या रानात मेंढरं चारलेली. तिची सुरकुती न् सुरकुती मोजावी. डाव्या खालच्या कोपऱ्यात दगड. नंबर मात्र पाण्यात विरघळल्यासारखा.

क्रांती चौकाजवळ जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी लेन्समधून टॉर्च मारला.

"बुरशी नाय, धुकं नाय. काच साफ है. अपर्चर पूरा खोलके मारा क्या?"

"व्हय. ऊन उतरलं होतं."

"फिर कोने तो जाएंगेच ना, बावा! आठ पे मारके देख."

दोष लेन्सचा की माझा ते बघायला गच्चीच्या भिंतीवर आमचंच पत्रक पाच जागी चिकटवलं, मधे एक, कोपऱ्यांत चार. बारीक अक्षरं तपासायला दुसरं काय होतं माझ्याकडं? अपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, पूर्ण उघडं ठेवलं तर मधलं पत्रक खणखणीत, चारही कोपरे लिबलिबीत. तोंड आठवर बारीक केल्यावर तीन कोपरे वाचता आले. डावा खालचा नाही. अकरावर नाही, सोळावरही नाही. आतली एखादी काच तिरकी बसली असणार. आणि दगड नेमका तिथंच, निवडलेल्या सगळ्या फोटोंत!

लेन्सला शिव्या घालणं सोपं होतं. पण दगड कोपऱ्यात ढकलला कुणी? मी. पत्रकं काढून काढून खोड लागलीय: चेहरा मधे, डोळे वाचकावर, बाकी सगळं कडेला. चेहरा बघून माणसं हलतात, तहसीलदार हलत नाही. त्याला नंबर लागतो.

मावशीला फोन लावला. दगडावरचा नंबर वाचता येत नाही म्हणून सांगितलं.

"आरं लेकरा, तवाच म्हणलं व्हतं, माझा नगं, दगडाचा काढ. कोपर बी ढोसलं तुला!"

ढोसलं होतं; त्या धक्क्यात कॅमेरा खाली झुकून खटका दबला होता. मी कार्ड पुन्हा उघडलं. पत्रकाला चालणार नाही म्हणून सोडून दिलेला एक फोटो: मुंडकं नसलेली मावशी, मागं कुंपण आणि मधोमध दगड. मोठा केला. आकडे स्वच्छ.

"सापडला, मावशे! पण तुझं डोकं कापलंय."

"कापू दे की. डोकं माझ्यापशी हाय."

मला हसू आलं नाही. तीन प्रती काढून तीन वेगवेगळ्या घरी ठेवल्या. मागं मोटारसायकल वाजली की मान आपोआप वळायची.

सुनावणीला कुंपणवाल्यांचा माणूस शेजारीच येऊन बसला. "काय फोटोवाले, नवीन दगड आणला का?" मी फोटोचं पाकीट मांडीवर धरलं. शर्ट पाठीला चिकटलेला. कारकुनानं फोटो घेतला, चष्मा शोधायला खिसे चाचपले, सापडला नाही. मग तसाच फोटो हातभर लांब धरून त्यानं गट नंबर मोठ्यानं वाचला आणि लिहून घेतला.