बाळारामदादा आणि झडपेचा डबा

"मॅडम, तुमची झडप पुन्हा अडकली. अर्धी बॅच करपली." नाडकर्णी साहेबांचा फोन. माझा चहा टेबलावरच गार झाला.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, शिरवणे गावाजवळ एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. आम्ही कंट्रोल पॅनेल बनवायचो. डिझाइनला मी एकटीच. कुठल्याही कारखान्यात गेले की आधी "साहेब मागून येतायत का?" असं विचारलं जायचं. त्यामुळे माझं सर्किट फसलं की मला जरा जास्तच झोंबायचं.

नाडकर्णी एका रंगाच्या कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांच्याकडे ओली पावडर गरम हवेने सुकवायचा ड्रायर होता. हवेच्या मोठ्या पाइपात एक पत्र्याची झडप. ती उघडली की हवा वाढते, मिटली की कमी होते. पूर्वी हे काम माणूस करायचा. स्टुलावर बसून तापमानाच्या काट्याकडे बघायचं आणि साखळी ओढायची.

तो माणूस म्हणजे बाळाराम म्हात्रे, शिरवण्याचे. कारखाना उभा होता तिथे त्यांच्या घरचं भातशेत होतं. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती त्यांना. पिंप उचलताना एकदा पाठ कामातून गेली, म्हणून त्यांना हे बसून करायचं काम दिलेलं. सगळे त्यांना दादा म्हणत. मीही म्हणू लागले.

साखळीच्या जागी आम्ही मोटर बसवली. ट्रकच्या वायपरला असते तेवढी, बारा व्होल्टची डीसी मोटर. हिची गंमत अशी की तिच्या दोन वायरी उलट जोडल्या की ती उलटी फिरते. सुलट फिरली की झडप उघडते, उलट फिरली की मिटते. प्रश्न एवढाच की या वायरींची अदलाबदल करणार कोण? ते काम तापमान बघून चालणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचं.

माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, दोन रिले. रिले म्हणजे विजेने दाबलं जाणारं बटण, टक् आवाज करून पट्टी इकडून तिकडे जाते. स्वस्त, सोपं. दुसरा, चार ट्रान्झिस्टरांचा ब्रिज. त्यात हलणारं काहीच नाही. पण ट्रान्झिस्टर तापतात, आणि एका बाजूचे दोन्ही चुकून एकदम चालू झाले की सप्लाय शॉर्ट होऊन धूर निघतो.

"रिले लाव," आमचे मालक मराठे साहेब म्हणाले. "बिघडला तरी कुणालाही दुरुस्त करता येतो."

मी रिले लावले. महिना गेला नाही तोच पहिला फोन आला. त्या पट्ट्यातल्या हवेला गंधकाचा वास होता, आणि रिलेच्या चांदीच्या टोकांवर काळी पुटं चढत होती. टोक काळं पडलं की करंट जात नाही आणि झडप आहे तिथेच राहते. पूर्ण हवाबंद रिले तेव्हा सहज मिळत नसत.

मग मी दादांना शिकवलं. पॉवर बंद करायची, सर्किटचा डबा उघडायचा, बारीक पॉलिश पेपरची पट्टी टोकांमधून हळूच ओढायची. दादा खूश. साखळी गेल्यापासून त्यांना हातात काय धरावं ते कळत नव्हतं. आता डबा त्यांचा झाला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हारही घातला. मी गेले की पट्टी खिशातून काढून दाखवायचे.

"म्याडम, तुमचा डबा लई नाजूक हाय. पोरावानी सांभालाला लागतं."

"मग सांभाळा की," मी म्हणायचे. पण मनातून मला ते लागायचं.

दादा रजेवर असले की झडप हमखास अडकायची. अर्धी बॅच करपली त्या दिवशीही तेच झालं होतं. फोन ठेवला आणि मी मराठे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"मला ब्रिज करू द्या."

"रिले चालतोय ना? माणूस आहे त्यांच्याकडे साफ करायला."

"माणूस लागतो हाच डिझाइनचा दोष आहे, सर."

हे वाक्य मी फार ऐटीत बोलले. ते हसले आणि "कर" म्हणाले.

मी जीव ओतून काम केलं. झडप टोकाला जाऊन टेकली की मोटर अडते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. तो सोसतील असे दणकट ट्रान्झिस्टर घेतले, त्यांची उष्णता ओढून घ्यायला खाली जाड ॲल्युमिनियमचं हीट सिंक दिलं. दिशा बदलताना मध्ये क्षणभर सगळं बंद राहील अशी सोय केली, म्हणजे शॉर्टची भीती नको. बसवलं त्या दिवशी नाडकर्णी साहेब स्वतः येऊन उभे राहिले. झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज नाही, ठिणगी नाही.

"याला काय मेंटेनन्स?"

"काही नाही, सर. या डब्याला माणूसच लागत नाही."

दादा मागे उभे होते. साहेब गेल्यावर पुढे आले. खिशात पट्टी होतीच.

"म्याडम, ह्याला कदी पुसाचा?"

"पुसायचं नाही, दादा."

"कदीच नाय?"

"कधीच नाही." मी हसत सांगितलं. त्यांचा त्रास वाचवला असंच मला वाटत होतं.

त्यांनी पट्टी परत खिशात घातली. मग म्हणाले, "बरा झाला. चांगला हाय." आणि स्टुलावर जाऊन बसले.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्याने दुसऱ्या ड्रायरसाठी तसाच डबा मागवला. मी गेले तेव्हा स्टूल नव्हतं. मी दादांची चौकशी केली.

"त्यांना लोडिंगला घेतलं होतं," नाडकर्णी म्हणाले. "गोण्या झेपल्या नाहीत. पाठ धरली. शेवटी स्वतःच राजीनामा देऊन गेले."

"इथेच ठेवता आलं असतं ना, सर? डब्यावर लक्ष ठेवायला."

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मॅडम, तुम्हीच सांगितलंत ना, माणूस लागत नाही?"

 जमीन गेली तेव्हा मी तिथे नव्हते, पण त्या जमिनीच्या बदल्यात मिळालेलं काम माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आणि ते गेलं तेव्हा मी हसत होते. याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

जुना डबा तपासायला उघडला. आत सगळं ठणठणीत. झाकणाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपरची एक कोरी पट्टी घडी घालून खोचलेली होती. लागलीच कुणाला तर, म्हणून त्यांनी ठेवली असावी. मी ती तशीच राहू दिली.

आज कुणी विचारलं तर त्या झडपेला मी तेच सर्किट सुचवीन. ते बरोबरच होतं. फक्त नवं काम घेताना व्होल्ट आणि ॲम्पियरच्या आधी मी विचारते, "हे आत्ता कोण करतं, आणि उद्या तो काय करणार?" बहुतेक साहेबांना हा प्रश्न माझ्या खात्यातला वाटत नाही.

त्या दिवशी मी दुसराही डबा बसवला. तोही कधी बिघडला नाही.