दुपट्ट्याखालची बोटं

बाबांच्या दुपट्ट्याला अजून कडब्याचा वास येतो, आणि तो आला की मला तो व्हिडिओ कॉल आठवतो. मी इंग्लंडात घर घेत होते, बाबा बार्शीटाकळीजवळ आमच्या शेतातल्या निंबाखाली बसले होते. ते घर आजवर कितीकितीला विकलं गेलं ते मी वेबसाइटवरून वाचत गेले, आणि बाबा पोथी ऐकावी तसे ऐकत राहिले. "कोनालेबी दिसते हे? आमी तं बैलाचा भाव बाजूच्याले कळू नये म्हनून दुपट्ट्याखाली बोटं धरून करतो!" मी विचारलं, "मग मी किती सांगू, बाबा?" त्यांनी सवयीनं हात दुपट्ट्याखाली नेला आणि माझ्या बोटांची वाट पाहत बसले. आज त्याच घरात दुपट्ट्याची घडी करताना माझी बोटं आपोआप आत जातात आणि तिथंच थांबतात.