बोक्याची नखं आणि उभी गौर

ग्रेट ब्रिटनात राहून उभ्या गौरी बसवणाऱ्या समस्त सुवासिनींस, तसेच त्यांच्या गौरींसाठी टेबलं सरकवणाऱ्या समस्त नवऱ्यांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मेडनहेड मुक्कामी आमच्या दिवाणखान्यात, भर हळदीकुंकवात, एका बोक्याने ज्येष्ठा गौरीची पैठणी कमरेपासून पावलांपर्यंत उभी फाडली. तरी सर्वांनी जागच्या जागी उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळावी. आमच्याकडे त्या वेळी पाळली गेलेली शांतता याहून लांब होती, आणि ती कुणालाही सांगावी लागली नव्हती.

आता मुळापासून सांगते.

आमच्या गौरींना पितळी मुखवटे आहेत आणि खाली लोखंडी स्टँड. स्टँडचे तुकडे होतात, पेटीत बसतात, वर्षभर लॉफ्टमध्ये झोपतात. गेल्या वर्षी आवाहनाच्या दिवशी पेटी खाली आणली तर धाकट्या गौरीचं सगळं जागेवर, आणि मोठीचा मधला दांडा गायब. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिडकीतून बागेकडे पाहिलं. त्याची नजर जिथे गेली तिथे टोमॅटोची रोपं होती आणि त्यांना आधार देत, वाकलेला आणि गंजलेला, ज्येष्ठा गौरीचा कणा उभा होता.

"अरे, हा पूजेचा दांडा आहे हे तुला दिसलं नाही?"

"दिसला तेव्हा नुसता दांडा होता," तो म्हणाला. "आणि टोमॅटो छान आलेत."

गौरी घेऊन उंबऱ्यात उभं राहायला तासभर उरला होता. सासूबाई मुखवटा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या आणि खोलीभर नजर फिरवत होत्या. झाडू झाला, दिव्याचा स्टँड झाला, व्हॅक्युम क्लीनर उभा करून पाहिला. मग त्यांची नजर कोपऱ्यात थांबली. तिथे बोक्याचा खांब होता.

हा खांब आमच्या मुलीने वाढदिवसाला दुसरं काही न मागता मागून घेतला होता. जाड दोरखंड गुंडाळलेला, खाली वजनदार पाट, वर चपटी तबकडी, माझ्या कमरेच्या वर येणारा. बोक्याने नखं सोफ्यावर न चालवता त्याच्यावर चालवावीत म्हणून. आणि बोका इतका शहाणा की त्याने ते मान्य केलं होतं. रोज दुपारची झोप झाली की तो यायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, दोन्ही पुढचे पाय वर ताणायचा आणि डोळे मिटून खर्रर्र. त्या खांबामुळे आमचा सोफा अजून सोफ्यासारखा दिसतो.

"आई, त्याच्यावर मांजर चढतं," मी म्हणाले.

"चढतं ना? मग मजबूत असणार," सासूबाई म्हणाल्या. "ओल्या फडक्याने पूस. गंगाजल शिंपड. हळदकुंकू लाव. मग तो खांब राहत नाही, गौर होते."

देवीला चालतं की नाही याचा निकाल सासूबाई देतात आणि त्यावर अपील नाही. खांब न्हाला, सुकला, बुटक्या टेबलावर चढला. आणि त्याला साडी कुणाची, तर माझ्या नणंदबाईंची. त्या ओहायोहून खास गौरींसाठी आल्या होत्या आणि लग्नात आईने दिलेली मोरपंखी पैठणी सोबत आणली होती. "या वर्षी मोठी गौर माझी साडी नेसेल," असं त्यांनी विमानात बसायच्या आधीपासून फोनवर सांगितलं होतं. मी नेसवली. खोटं कशाला सांगू, देखणी नेसवली. दोरखंडावर निऱ्या अशा घट्ट बसल्या की लोखंडी स्टँडवर कधी बसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पूजन. वेम्बलीहून केळीची पानं, सोळा भाज्यांपैकी चौदा, उरलेल्या दोन सुपरमार्केटमधल्या ब्रोकोली आणि केल यांनी भरून काढल्या. पुरणपोळ्या झाल्या. दुपारी बायका आल्या, कुणी स्लाववरून, कुणी रेडिंगवरून, आणि इल्फर्डच्या एक मावशी तर एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने सबंध लंडन आडवं पार करून, मांडीवर मोदकांचा डबा धरून. बोका वर मुलीच्या खोलीत, दार लावून. सगळा बंदोबस्त चोख होता. फक्त एका पाहुणीला आपल्या बाळाचा नॅपी बदलायचा होता, तिने वर जाऊन पहिलं दिसलं ते दार उघडलं.

बोका जिना उतरून आला. झोप झालेली होती. वेळ झालेली होती. तो कोपऱ्यात गेला, तर खांब नाही. त्याने खोलीकडे पाहिलं. तो बायकांच्या पायांतून, पैठण्यांच्या काठांवरून, एकेक वास घेत टेबलापाशी आला, गौरीच्या निऱ्यांना नाक लावलं, आणि मी शपथेवर सांगते, त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. एवढा वेळ कुठे होतास, असं काहीतरी. मग तो मागच्या पायांवर उभा राहिला, दोन्ही पंजे वर ताणले, डोळे मिटले.

आवाज खर्रर्र नव्हता. रेशमाचा आवाज वेगळा असतो.

गौर डुलली, मुखवटा कलला, इल्फर्डच्या मावशींनी झेप घेऊन गौरीला कमरेत धरलं. स्लाववाल्या एका बाईंनी, काय घडतंय ते नीट न कळून, बोक्याला हात जोडले. बोक्याने अंग सोडलं, जांभई दिली आणि नैवेद्याच्या ताटाला वळसा घालून, अगदी सभ्यपणे, बाहेर गेला.

पाहुण्या गेल्यावर नणंदबाई साडीचा फाटका भाग हातात घेऊन बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नखं काढून टाका त्याची," त्या म्हणाल्या. "आमच्या मांजरीची काढलीत. लहान असतानाच. सोफा बघा माझा, आरशासारखा."

"काढून म्हणजे?" मी विचारलं.

"काढून म्हणजे काढून. डॉक्टर काढतो. सकाळी न्यायचं, दोन दिवसांत घरी. इथे काय करता तुम्ही लोक, मांजरासाठी खांब आणता."

"आत्या, तो त्याचा पोस्ट आहे," आमची मुलगी म्हणाली. "त्याचा काही चूक नाहीये. आपणच त्याच्या पोस्टला साडी नेसवली."

"तू गप्प बस. आईने दिलेली साडी आहे ती."

"साडी रफू होते," सासूबाई जपाची माळ न थांबवता म्हणाल्या. "वेम्बलीत करून देतात."

पण नणंदबाई धाकट्या भावाकडे वळल्या होत्या. "हे बघ, मी सरळ सांगते. नखं ठेवायची असतील तर बोका ठेवू नकोस. बोका ठेवायचा असेल तर नखं ठेवू नकोस. नाहीतर मी पुढच्या वर्षी येत नाही."

माझा नवरा ऑफिसात भल्याभल्यांना नाही म्हणतो. ताईला नाही म्हणायला तो अजून शिकलेला नाही. "बरं, ताई," तो म्हणाला, आणि मुलगी उठून वर गेली. तिने दार आपटलं नाही. हळूच लावलं. बोका तिला मिळाला तेव्हा ती नव्या शाळेत एकटी डबा खायची, आणि घरी येऊन दिवसभराचं सगळं त्यालाच सांगायची. हे त्या खोलीत आम्हा सगळ्यांना माहीत होतं, नणंदबाईंना सोडून.

सकाळी नवऱ्याने व्हेटकडे फोन लावला, "मांजराच्या नखांचं काम आहे," एवढंच सांगितलं आणि त्यांनी दुपारची वेळ दिली. आम्ही चौघं निघालो. मुलीने पिंजरा मांडीवर घेतला होता आणि आत बोट घालून ठेवलं होतं. गाडीत कुणी बोललं नाही. बोका मात्र पूर्ण वेळ बोलला.

व्हेट उंचापुरी, लाल केसांची, हसरी बाई होती. तिने बोक्याला टेबलावर घेतलं, पंजा हातात धरून बोट हलकं दाबलं, नख बाहेर आलं. "सुंदर," ती म्हणाली. "टोकं कापून देते. पाच मिनिटं."

"टोकं नाही," नणंदबाई त्यांच्या ओहायोच्या इंग्रजीत म्हणाल्या. "आम्हाला कायमची काढायची आहेत."

तिने पंजा अलगद खाली ठेवला. "ते मी करणार नाही. या देशात तो गुन्हा आहे. त्याच्या बोटालाच काही आजार झाला तर गोष्ट वेगळी. फर्निचरसाठी नाही."

"कपड्यांसाठी," नवरा मदत केल्यासारखा म्हणाला.

"कपड्यांसाठीही नाही."

"पण नखंच तर आहेत," तो म्हणाला. "परत उगवू नयेत एवढंच."

तिने त्याचा हात मागितला. त्याने दिला. नवरा तबला वाजवतो, दर गणपतीत मंडळाच्या आरतीला तोच असतो. तिने त्याच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पेनाने एक बारीक रेघ मारली. "मांजराचं नख हाडातून उगवतं. ते परत येऊ नये म्हणून हाडच काढावं लागतं. इथून. दहा बोटं, पुढच्या दोन पायांची." मग दुसऱ्या बोटावर रेघ मारायला लागली, तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवला.

मुलगी बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला हे सगळं आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. आम्हाला सांगून उपयोग नाही, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

"आमच्याकडे तर सर्रास करतात," नणंदबाई म्हणाल्या. आवाज मात्र उतरला होता.

"अजून करतात काही ठिकाणी," व्हेट म्हणाली. "हळूहळू बंद होतंय." ती त्यांना रागावली नाही. रागावली असती तर नणंदबाई भांडल्या असत्या आणि त्यांना ते सोपं गेलं असतं.

"नंतर त्रास होतो का? म्हणजे, बरं झाल्यावर?"

"काहींना होत नाही. काहींचे पंजे कायम दुखतात. चालायची ढब बदलते, पाठ दुखायला लागते. शी-शूच्या ट्रेमधली वाळू टोचते, मग ती ट्रे सोडून मऊ जागा शोधतात. गालिचा, गादी. आणि बचावाला नखं नाहीत म्हणून चावतात. लोकांना वाटतं, स्वभाव बिघडला."

नणंदबाई खुर्चीत बसल्या. "आमची पायपुसण्यावर जाते," त्या मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, म्हणाल्या. "बाथरूमच्या. मी धुते आणि ती परत जाते."

माझ्या नवऱ्याला शांतता सोसत नाही. "मग ताई," त्याने मूठ तशीच धरून विचारलं, "आता काय करू या? एक ओळखीचं घर आहे रेडिंगला. त्यांना देऊ या का बोका?"

मुलीचा हात बोक्याच्या पाठीवर थांबला.

"कुणाला काही द्यायचं नाही," नणंदबाई म्हणाल्या. "संध्याकाळी विसर्जन झालं की खांब होता तिथे ठेव. आणि पुढच्या वर्षी टोमॅटोला बांबू घे." मग त्या व्हेटकडे वळल्या आणि वळणावळणाने विचारायला लागल्या: कुठली वाळू मऊ, दुखतंय हे ओळखायचं कसं, इतक्या वर्षांनी औषध लागू पडतं का. व्हेटने सगळं सांगितलं. एक्स-रे काढून घ्या म्हणाली, दुखणं कमी करणारी औषधं असतात म्हणाली. मग तिने बोक्याच्या नखांची फक्त टोकं कापली. बोक्याला ते अजिबात पटलं नाही आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. मुलगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बाहेर वेटिंग रूम भरलेली. एक लॅब्रॅडॉर, एक टोपलीतला ससा, मांडीवर कासवाचा डबा घेतलेले एक आजोबा. मी पैसे भरत होते तेवढ्यात नणंदबाईंनी ओहायोला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलेलं. घाईत स्पीकर लागला, आणि सबंध खोलीला त्यांच्या यजमानांचा झोपेतला आवाज ऐकू आला.

"अगं, बरं झालं फोन केलास. तुझी महाराणी आज पुन्हा चावली. माझ्या उशीवर बसली होती, हलवायला गेलो तर करकचून. मी तिला बाहेरच्या खोलीत कोंडलीय."

"आत घ्या तिला," नणंदबाई म्हणाल्या.

"कशाला? परत चावेल."

लॅब्रॅडॉरने मान वर केली. आजोबांनी कासवाच्या डब्यावर हात ठेवला. नणंदबाई उभ्या राहिल्या आणि मेडनहेडच्या त्या शिस्तशीर वेटिंग रूममध्ये, स्वच्छ खणखणीत मराठीत ओरडल्या:

"अहो, चावली तर चावू दे तिला, बोटं कापलीयत आपण तिची!"