वाणाची घड्याळं

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणाला भांडी घ्यायची असली की आईला सोबत नेत. दुकानदाराने पुढे केलेलं पातेलं ती बोटाने वाजवायची, नाक मुरडायची आणि "आतला माल काढा" म्हणायची. भांड्यांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, याबद्दल तिची खात्री होती, आणि आमचीही.

फक्त फॉरेनच्या वस्तूपुढे हे बोट थांबायचं. मस्कतच्या मामाने दिलेला थर्मास आमच्याकडे ऐंशीच्या दशकात पाहुण्यांना दाखवायला होता, चहा ठेवायला नव्हता. त्याच्या बुडाशी जपान लिहिलंय की तैवान, हे तिने कधी पाहिलं नाही. देवाला कुणी गाव विचारतं का?

पुढे नव्वदीच्या शेवटाशेवटाला, संक्रांतीच्या तोंडावर, तिला ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर चायनाची घड्याळं दिसली. गुलाबी, टेबलावर ठेवायची, गजरवाली, आणि स्टीलच्या वाटीच्या भावात. हळदीकुंकवाला बायकांना वाण काय द्यायचं, हा प्रश्न जागच्या जागी सुटला.

"एवढी स्वस्त कशी?" बाबांनी विचारलं.

"तिकडे मजुरी स्वस्त असते. माल तोच." हे ज्ञान विकणाऱ्याने घड्याळांबरोबर फुकट दिलं होतं.

"मग मानपाड्याला कंपनीत मला काय सोन्याच्या मोहरा देतात?"

आईने तिळगूळ वळायला घेतला.

हळदीकुंकू गाजलं. "अगंबाई, घड्याळ!" असं प्रत्येक बाई म्हणाली आणि प्रत्येक वेळी आई थोडी उंच झाली. मग आठवडाभरात घड्याळांनी रंग दाखवला. वेळ दाखवण्यात त्यांना रस नव्हता. गजर मात्र मनाला येईल तेव्हा व्हायचा, बहुतेक दुपारी, माणसं जेवून जरा आडवी झाली की. बंद करायचं बटण पहिल्याच दाबण्याला हातात यायचं, आणि सेलचं झाकण काही केल्या उघडायचं नाही. वाण टाकता येत नाही, परत करता येत नाही, त्याला नावं ठेवणं तर पापच. त्यामुळे सगळी बिल्डिंग हैराण होती आणि सगळी बिल्डिंग गप्प होती. आमच्या वाटणीचं घड्याळ दोन दिवसांत कायमचं झोपलं होतं. शेजारून गजर ऐकू आला की आई कौतुकाने म्हणायची, "बघा, त्यांचं कसं चाललंय!"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. आई मला घेऊन अभिनंदनाला गेली. पेढा तोंडात टाकताच तिने विचारलं, "घड्याळ कसंय?"

"एकदम मस्त!" वहिनी म्हणाल्या, आणि तांदळाच्या डब्यात गजर सुरू झाला.

"मुलगा बँकेत आहे!" वहिनी ओरडल्या.

"फारच छान!" आई ओरडली.

गजर थांबेपर्यंत दोघी त्या मुलाच्या नोकरीबद्दल ओरडत राहिल्या. मला हसू आवरेना, आणि आईचा लाल झालेला चेहरा पाहून रडूही येत होतं.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता मला कोण विचारणार?"

लग्नघरची भांडी घ्यायची होती. एरवी वहिनी सगळ्यांत आधी आमच्याकडे आल्या असत्या. आता जिन्यात पाऊल वाजलं की आई भाजी निवडायची थांबायची, आणि पाऊल पुढे गेलं की पुन्हा सुरू करायची. मला वहिनींचा भयंकर राग आला. एक घड्याळ चुकलं म्हणून काय झालं!

शेवटी एका सकाळी त्या आल्या, पिशवी घेऊनच. "चला हो, कल्याणला जाऊन भांडी बघू."

"मला नका नेऊ," आई म्हणाली. "मला काय कळतं त्यातलं? तुम्ही बघितलंत ना."

"अहो, तुमचं ऐकून भांडी कोण घेतंय? गेल्या वेळी तुम्ही नको म्हटलेला कुकर मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणला. अजून चालतोय. पण तुम्ही दुकानदाराशी भांडता ना, ते बघायला मजा येते हो. तुमच्याशिवाय बाजारात पायच वळत नाही. चला."

आईला आधी राग आला. तो नाकाच्या शेंड्यावर स्पष्ट दिसला. मग डोळे भरून आले. मग तिने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि मला म्हणाली, "कुकर लाव गं. मला वेळ होईल."