मी आधीच खेळलेला गेम

गेम रोशनीचाच होता. हे सर्वात आधी लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाच्या मनात शंका यायला नको. तो चोरलेला आहे असं मी चारचौघांत म्हणालो, ती माझी चूक. आणि आपल्याकडे पुरावा नाही हे कळल्यावरही गप्प बसलो, ती त्याहून मोठी. (रोशनी हे तिचं खरं नाव नाही.)

या सदरात येणारे अनुभव मी वाचतो, पण त्यातलं काही आपल्यालाही लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. लोणखेड्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं... रॅम सैल झालेली असते, उंदराने वायर कुरतडलेली असते. कारण सापडलं नाही, तर ते अजून सापडलेलं नाही एवढंच. माझी श्रद्धा म्हणा, अंधश्रद्धा म्हणा, इतकीच.

मला एक नाद आहे. इंडी गेम्सचा. म्हणजे मोठ्या कंपन्यांचे नाहीत, तर एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून केलेले छोटे गेम. मोठ्या गेममध्ये आता नवीन काही उरलेलं नाही असं माझं मत आहे. तीच बंदूक, तीच गाडी, फक्त चित्रं दरवर्षी जास्त चकचकीत. याउलट या छोट्या गेममध्ये कुठे आजारी कबुतराला घरी पोचवायचं असतं, कुठे नुसती भाजी विकायची असते. आमचे बोरसे सर लॅबमध्ये डोकावून विचारायचे, "काय आप्पा, आज कोनता देशनी भाजी ईकी ऱ्हायनात?"

असे गेम लोक स्वतः टाकतात अशा साईट्स आहेत. दुपारी लॅब रिकामी असली की मी तिथून एखादा उतरवून घ्यायचो आणि खेळून झाल्यावर एका वहीत तारीख टाकून लिहायचो. मार्क नाही द्यायचो. फक्त 'नवी गोष्ट' असं लिहून पुढे एक-दोन ओळी — या गेममध्ये असं काय आहे, जे आधी कुणी केलेलं नाही. वहीत साडेतीनशेच्या वर गेम झाले होते. अस्सल काय आणि नक्कल काय, हे आपल्याइतकं या तालुक्यात कुणाला कळत नाही, असा मला गर्व होता. त्याला दुसरा शब्द नाही.

गेल्याच्या गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. त्या दुपारी मी चार गेम उतरवले. त्यातल्या एकाला नाव नव्हतं, करणाऱ्याचं नावही नव्हतं. फक्त एक लाल चौकोन. उघडला तर वरून दिसणारं एक मोकळं मैदान, त्यावर लाल मिरची पसरलेली आणि तोंडाला फडकं बांधलेली एक बाई. बाण दाबले की ती मिरचीतून पाय ओढत चालते, पायाने मिरची परतली जाते आणि मागे रेघ उमटते. टाच जोरात पडली की मिरची फुटते, बी सांडतं. इतकंच. पण बाई डाव्या पायाने लंगडत होती, त्यामुळे रेघ कधी सरळ पडायची नाही, दर चार पावलांनी थोडी वाकायची. ती वाकडी रेघ सांभाळत पूर्ण मैदान परतायचं. दुसऱ्या लेव्हलला ढग येतात आणि ताडपत्री ओढायची असते. तिसरी लेव्हल म्हणजे खेळ नव्हताच. बाई कडेला बसते, बाटलीतलं पाणी आधी उजव्या पायावर ओतते, उरलेलं डाव्यावर, आणि डाव्याच्या अंगठ्यावर उजवा अंगठा ठेवून बसून राहते. मग पडदा पांढरा.

मी वहीत लिहिलं : 'नवी गोष्ट : चालणाऱ्याचं अधूपण हाच खेळ. शेवटी पाणी आधी उजव्या पायावर. मेक्सिकोचा असावा.'

मेक्सिकोचा! नंदुरबारच्या आसपास ज्यांनी हिवाळा काढलाय त्यांना सांगायला नको. शहराबाहेर ओली लाल मिरची वाळत घालतात ती मैदानं, त्यांना पथारी म्हणतात. बायका दिवसभर तिथे मिरची पसरतात, परततात, देठ खुडतात. जन्मापासून मी ते बघतोय. तरीही ते स्क्रीनवर दिसल्यावर मला दूरचा देश आठवला. इतकी वेगळी कल्पना आपल्याकडच्या माणसाला सुचली असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या विभागाचं प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. त्यातून एकच प्रोजेक्ट जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार होता. शेवटच्या वर्षाची रोशनी तिसऱ्या टेबलावर बसली होती. ती नंदुरबारची, रोज एसटीने यायची, वर्गात फारशी बोलायची नाही. तिच्या स्क्रीनवर लाल मैदान होतं, आणि लंगडत चालणारी बाई.

"हा गेम मी आधी खेळलोय," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं मी कौतुक करतोय. "कुठे सर? मी तर कुणालाच दिला नाही."

"इंटरनेटवर. बाहेरच्या देशातला आहे."

"सर, ही तर आपली पथारी आहे. ही माझी आई आहे."

"मिरची काय फक्त नंदुरबारलाच वाळते का?"

आजूबाजूची मुलं हसली. हे वाक्य मी म्हणालो तेव्हा मलाही ते चटपटीत वाटलं होतं.

रोशनी हसली नाही. "लिंक दाखवा सर," म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत दाखवतो."

विभागप्रमुख मॅडम मध्ये पडल्या. "रोशनी, सर उगाच का बोलतील? त्यांनी शेकड्याने गेम पाहिलेत." तेवढ्यावर विषय मिटला.

त्या दुपारी मी शोधलं. पेनड्राइव्हवर त्या दिवशीचे तीन गेम होते, चौथा नव्हता. साईटवर नाव नसलेला गेम शोधायचा तरी कसा? ऑगस्टचे सगळे गेम एकेक पान उलटत बघितले. नाही. ब्राउझरची हिस्ट्री मी स्वतःच दर महिन्याला पुसतो. वही तेवढी होती, माझ्याच अक्षरात, आधीच्या आणि नंतरच्या तारखांच्या मध्ये.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, "साईटवरून पान काढून टाकलेलं दिसतंय. पण होता, नक्की." त्याच वेळी 'माझ्याकडे दाखवायला काही नाही' एवढंच म्हटलं असतं तर पुरे होतं. तेही म्हणालो नाही. सकाळी जळगावच्या यादीत रोशनीऐवजी दुसरं नाव होतं. रोशनीने लॅबच्या मशीनवरून आपलं फोल्डर पुसून टाकलं, आणि प्रॅक्टिकलपुरती येऊन जायला लागली.

मार्चच्या पहिल्या रविवारी प्रिंटरच्या एका पार्टसाठी मी नंदुरबारला गेलो होतो. स्टँडवरून रिक्षा केली. शहराबाहेरच्या रस्त्याला लागताना रिक्षावाला म्हणाला, "मास्तर, तोंडाले रुमाल बांधा, पथारी येई ऱ्हायनी." मी रुमाल बांधला आणि बाहेर बघितलं. मिरचीत रेघा होत्या. सगळ्या सरळ, आणि मध्येच एक पट्टा असा की त्यातली प्रत्येक रेघ दर चार पावलांनी वाकलेली.

मी उतरलो. मिरचीच्या ठसक्यापुढे रुमालाचं काही चालेना, शिंकत शिंकतच आत गेलो. पट्ट्याच्या टोकाला एक बाई पाय ओढत मिरची परतत होती. डाव्या पायाने लंगडत.

"ए सुमन, तुन्हाकडे पाव्हना उना वं!" एक बाई ओरडली.

"कसाना पाव्हना, नुसता शिंकी ऱ्हायना," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी माझं नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. सुमनबाईंनी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"तुम्ही तेच सर शेतस का? मन्ही पोरले चोर म्हननारा?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार... मग विचारलं, "पायाला काय झालं, ताई?"

"टेम्पोवरथून पडनू. नवरात्रमा."

"मागच्या नवरात्रात?"

"मंग काय येनार नवरात्रमा?"

बायका पुन्हा हसल्या. मी मनात महिने मोजले. नवरात्र म्हणजे ऑक्टोबर. मी तो गेम खेळलो ऑगस्टमध्ये. तेव्हा ही बाई धडधाकट चालत होती.

पट्टा संपला तशा सुमनबाई कडेला बसल्या आणि बाटली उघडली. पुढचं मला माहीत होतं. पाणी आधी उजव्या पायावर, उरलेलं डाव्यावर, मग डाव्याच्या अंगठ्यावर उजवा अंगठा.

रविवार असल्यामुळे रोशनीही तिथेच होती, पलीकडे पोती भरत. मला बघून हातातलं पोतं ठेवून आली. मी तिला विचारलं, "तुझ्या गेमला तिसरी लेव्हल होती का?"

"नव्हती सर. करायची होती. वेळ पुरला नाही."

"त्यात आई पाय धुते?"

तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुठे लिहिलंपण नाही." मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरंच खेळला होतात?"

"हो."

"मग तो माझा नाही का, सर?"

मी तिला चोर म्हणालो तेव्हा तिचा आवाज असा झाला नव्हता. तेव्हा तिला खात्री होती. ती आता मी काढून घेतली होती, तेही खरं बोलून. उत्तर सुमनबाईंनी दिलं.

"पाय मन्हा, पोर मन्ही," त्या बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "मंग गेम दुसराना कसा व्हई?"

मी म्हणालो, "ताई, चुकलो मी."

"माले नका सांगू. जठे बोलनात, तठेच बोला."

यानंतरही मी महिनाभर बोललो नाही. वही काढून पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचायचो. शाई तीच, तारीख तीच. कुणी तिची कल्पना चोरून साईटवर टाकली असेल म्हणावं, तर रोशनीने कामच सप्टेंबरात सुरू केलं होतं आणि लंगडणं ऑक्टोबरनंतरचं. मी सुमनबाईंना आधी कुठे बघितलं असेल म्हणावं, तर तेव्हा बघण्यासारखं काही झालंच नव्हतं. माझा भ्रम म्हणावा, तर वहीतली ओळ माझ्या नंतरच्या आठवणीवर अवलंबून नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मला आजही सुचलेलं नाही.

बोरसे सरांना मी हे सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आप्पा, तुम्ही तो खेळला होतात ना? मग खोटं कुठे बोललात? माफी मागायचीच तर तेवढं सांगून मागा, म्हणजे तुमचीही बाजू राहील."

मी तसंच करणार होतो. दोनदा लिहूनही काढलं. पण ऑगस्टची गोष्ट एका ओळीत जरी आली, तरी ऐकणारा घरी जाताना तीच ओळ घेऊन जाणार — 'सरांनी आधी कुठेतरी बघितला होता म्हणे.' माझी बाजू राहिली असती आणि तिचा गेम पुन्हा अर्धाच तिचा झाला असता. तो कागद मी फाडला. इथे लिहितोय ते तिला विचारून. तिचं कॉलेज आता संपलंय, तिसरी लेव्हल तिने पूर्ण केली आहे, आणि "लिहा सर, आता मला काही वाटत नाही" असं तिने स्वतः म्हटलं म्हणून.

एप्रिलमध्ये विभागाचा निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. जळगावची स्पर्धा होऊन गेली होती, तिला परत देता येईल असं माझ्या हातात काही उरलं नव्हतं. लॅबवाल्याला अशा कार्यक्रमात कुणी बोलायला सांगत नाही. मी मॅडमकडे दोन मिनिटं मागून घेतली. रोशनी मैत्रिणींबरोबर मागच्या बाजूला बसली होती.

मी माईक घेतला आणि म्हणालो, "फेब्रुवारीत याच हॉलमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की रोशनीने गेम चोरलाय. माझ्याकडे त्याचा काहीही पुरावा नव्हता. संध्याकाळपर्यंत मला तेही कळलं होतं, तरी मी गप्प बसलो, म्हणून जळगावच्या यादीतून तिचं नाव गेलं. तो गेम तिचा आहे. पूर्ण तिचा. मी आजवर खेळलेल्या सगळ्या गेममध्ये इतकी नवी गोष्ट पाहिलेली नाही. रोशनी, माझं चुकलं. मला माफ कर."